कॉटखालचा पाईप

ती : मी एवढंच विचारतेय, आई. हे तुमच्या कॉटखाली काय करतंय?

सासू : काय आहे ते? चष्मा नाही माझ्याकडे.

ती : कपाळावर आहे तुमच्या.

सासू : असेल. अगं, कॉटखाली काय कमी पसारा आहे? ट्रंक आहे, बादली आहे, माझं शिवणाचं मशीन आहे. तुझं ते पाईप दाबायचं मशीन आणलंत आणि माझं तिथं ढकललंत. इतकी वर्षं खिडकीशी बसून शिवलं मी. तिथला उजेड किती छान होता.

ती : शिवणाच्या मशीनचं नंतर बोलू. हा पाईप आहे. हायड्रॉलिकचा. शर्टात गुंडाळून, मागे भिंतीला लावून ठेवलेला.

सासू : घरात दुसरं असतं काय? जिकडं बघावं तिकडं पाईप. त्यातलाच एखादा घरंगळला असेल.

ती : आणि घरंगळता घरंगळता शर्ट घालून घेतला त्यानं.

सासू : बोलण्यात तुला कोण हरवणार, बाई.

ती : हा कुठलाही पाईप नाही. हा पहिला आहे. ही पांढरी रेघ बघा, फेरूलच्या कडेला. फेरूल म्हणजे हे लोखंडी कडं, मी दाबते ते. दाबून झालं की मी कडेला पांढरा पट्टा मारते. पाईप आतून जरा जरी निसटायला लागला तरी पट्टा कड्यापासून लांब जातो, लगेच कळतं. बाकी सगळ्यांना रंगाचा पट्टा आहे. फक्त पहिल्याला माझं नेलपॉलिश लावलं होतं, कारण तेव्हा रंग आणला नव्हता. हे नेलपॉलिश आहे, आई.

सासू : चांगलं लावलंयस.

ती : हा पाईप आत्ता आपल्या लोडरवर असायला हवा. बकेट उचलणाऱ्या सिलिंडरला. तुमचा मुलगा गेला महिनाभर मला रोज सांगतोय की तो तिथंच आहे आणि मस्त चालतोय.

सासू : तो येईल आता जेवायला. त्यालाच विचार.

ती : लाल बुचंसुद्धा काढलेली नाहीत. तेलाचा एक थेंब गेला नाही याच्या आत. बोट घालून बघा. कोरडा आहे.

सासू : मी कशाला बोट घालू?

नवरा : काय चाललंय? फाटकापर्यंत आवाज येतोय. लोडर आणलाय दारात, आज साइट बंद आहे. म्हटलं दुपारी ग्रीसिंग करून टाकू. जेवायला काय… हे कुठं सापडलं?

ती : "हे काय आहे" असं नाही विचारलंत. "कुठं सापडलं" विचारलंत.

नवरा : आई?

सासू : तिनं झाडू घातला कॉटखाली. मी काय करू? मी सांगत होते की मी झाडते.

ती : खिडकीतून दिसतोय लोडर. बकेटच्या सिलिंडरला दुकानातला पाईप आहे. दुकानाचा पिवळा शिक्का इथून वाचता येतो. मला काहीच विचारायचं नाही आता. फक्त मध्ये बोलू नका. आपलं काय ठरलं होतं?

नवरा : अगं, जरा बसू दे तरी.

ती : काय ठरलं होतं?

नवरा : पहिला पाईप आपल्या मशीनला लावायचा.

ती : आणि?

नवरा : महिनाभर चालवायचा. मग बाहेर द्यायचे.

ती : हे मी ठरवलं होतं का एकटीनं? तुम्हीच म्हणाला होतात. स्वस्तातलं मशीन आहे, हातपंपाचं आहे, आपण दुकान नाही. आपल्याकडं तपासायला यंत्र नाही, तर आपला लोडरच तपासणी. हे तुमचे शब्द. मला बरं वाटलं होतं तेव्हा. वाटलं, हा माणूस विचार करतो.

नवरा : लावणार होतो गं. पहिल्या दिवशी नेलाही होता. पाना हातात घेतला होता.

ती : मग?

नवरा : मग आईचा फोन आला.

सासू : माझ्यावर ढकल. ढकल खुशाल.

नवरा : ढकलत नाही, झालं ते सांगतोय. तू रडत होतीस फोनवर.

सासू : मी रडत नव्हते. सर्दी होती.

ती : आई, तुम्ही सांगितलंत लावू नको?

सासू : सांगितलं.

ती : आणि तुम्ही ऐकलंत. ठीक आहे. आईचं ऐकलं. मला संध्याकाळी घरी येऊन "नाही लावला" असं सांगायला काय झालं होतं? दोन शब्द आहेत.

नवरा : तू दारातच उभी होतीस. हाताला रबर लागलेलं, केसांत लोखंडाचा कीस. मी चप्पल काढायच्या आत विचारलंस, चालतोय का. तुझ्याकडं बघून नाही म्हणवलं नाही.

ती : माझ्यावर दया आली.

नवरा : दया नाही गं. म्हटलं दोन दिवसांनी लावू, आई जरा शांत झाली की. मग दोन दिवसांचे…

ती : मी रोज विचारायचे. नुसतं चालतोय का असं नाही. पट्टा सरकला का, कडेला ओल दिसते का, तेल गरम झाल्यावर काय होतं. तुम्ही रोज उत्तरं दिलीत. हातपाय धुता धुता, टीव्ही बघता बघता.

नवरा : एकदा खोटं बोललं की पुढचं बोलावंच लागतं.

ती : फार छान. भिंतीवर लिहून ठेवू.

नवरा : चिडू नको, असं मी म्हणत नाही. चीड. पण नुकसान काय झालं? पाईप आहे तसा आहे. आत्ता लावतो. जेवायच्या आधी लावतो, हवं तर.

ती : नुकसान काय झालं?

नवरा : म्हणजे, कोणाला काही…

ती : दादाच्या लोडरवर माझा पाईप आहे. माझ्या भावाच्या. तुम्ही त्याला स्वतः सांगितलंत, बिनधास्त लाव, माझ्या लोडरवर महिनाभर चालतोय. त्याच्या केबिनला दार नाही. पाईप त्याच्या कानाजवळून जातो.

नवरा : माहीत आहे मला.

ती : पैलवानाच्या कचऱ्याच्या गाडीवर आहे. तो गाडीमागं उभा राहून डबे उलटे करतो. नर्सरीवाल्या बाईंच्या छोट्या ट्रॅक्टरवर आहे. या सगळ्यांना मी काय सांगितलं? आमच्या लोडरवर चालवून बघितलाय. तुमच्या तोंडचं वाक्य मी माझ्या तोंडानं विकलं.

सासू : तू चांगलेच बनवतेस गं. मी बघते ना. दहादा मोजतेस. भाजीत मीठ घालायला विसरतेस, पण ते मोजायला विसरत नाहीस.

ती : आई, तुम्ही जरा गप्प बसाल?

सासू : बसते.

नवरा : हे मात्र आई बरोबर बोलतेय. मशीनसोबत आलेल्या तक्त्याप्रमाणं दाबतेस, मापून बघतेस. तक्त्यात दिलंय त्या मापाला दाबलेला पाईप का निसटेल? मी लावला काय आणि नाही लावला काय, पाईप तोच.

ती : तोच नाही.

नवरा : म्हणजे?

ती : आठवून बघा. मध्ये एका संध्याकाळी मी विचारलं, पट्टा जागेवर आहे का. तुम्ही लगेच हो नाही म्हणालात. थांबलात. मग म्हणालात, केसभर सरकल्यासारखा वाटतोय, पण उजेड नव्हता, नीट दिसलं नाही.

नवरा : असं म्हणालो मी?

ती : भाकरी मोडता मोडता म्हणालात.

नवरा : अगं, ते… रोज तेच तेच सांगत होतो. जागच्या जागी, जागच्या जागी. वाटलं, तुला संशय येईल. म्हणून जरा काहीतरी खरं वाटेल असं…

ती : खरं वाटेल असं.

नवरा : दुसऱ्या दिवशी म्हणालो ना, बघितलं नीट, काही सरकलेलं नाही.

ती : म्हणालात. पण तोवर मी काटा हलवला होता. केसभर सरकतोय, म्हणजे दाब कमी पडतोय. तक्ता दुसऱ्या रबरासाठी असेल, आपला पाईप वेगळा असेल. रात्रभर हाच विचार. सकाळी मशीनचा काटा एक रेघ पुढं नेला आणि तिथंच ठेवला. म्हटलं, आता नाही सरकणार. दादाचा, पैलवानाचा, बाईंचा, सगळे त्या रेघेवर दाबलेत. हा एकच तक्त्याच्या मापाचा आहे. आणि तो शर्ट घालून कॉटखाली झोपलाय.

नवरा : घट्ट झाला तर चांगलंच ना? निसटणार तर नाही.

ती : गळा घट्ट आवळला तर माणसाचं चांगलं होतं का?

सासू : असं अभद्र बोलू नये.

ती : आत तारांची जाळी असते, त्याच्या आत रबर. जास्त दाबलं की तारा तुटतात, आतलं रबर चिरतं. बाहेरून काही दिसत नाही. पट्टा जागेवरच असतो. कड्याच्या अगदी कडेला, तारा तुटल्यात तिथंच, एक दिवस फुटतो.

नवरा : एका रेघेनं एवढं होत नसेल.

ती : नसेल. तुम्ही बघितलंय का? मीही नाही बघितलं. ओट्यावर कालचा तयार पाईप आहे, बाईंनी दुसरा सांगितला होता तो. ग्राइंडर घ्या. कडं उभं चिरा.

नवरा : चांगला तयार पाईप चिरायचा?

ती : चांगला आहे का तेच बघायचंय.

सासू : आधी जेवून घ्या. ताटं वाढलीत.

ती : झाका.

(ग्राइंडरचा आवाज बराच वेळ. मग थांबतो.)

नवरा : चष्मा लावून बघ तू. मला नीट कळत नाही.

ती : तुम्हाला चांगलं कळतंय.

नवरा : तारा… तुटल्यात दोन-चार.

ती : मोजू नका. रबर बघा.

नवरा : नखानं निघतंय. आत घडी पडलीय.

ती : माझा फोन द्या.

नवरा : थांब. ऐक जरा. ओरडू नकोस, फक्त ऐक. तू आत्ता फोन केलास की संध्याकाळपर्यंत सगळीकडं होईल. आधीच हसतात. मला साइटवर विचारतात, वहिनी पोळपाटावर लाटतात का पाईप? मी हसून सोडून देतो. आता हे कळलं की पुन्हा कोणी उभं राहणार नाही दारात. मी काय म्हणतो, आपण गुपचूप जाऊ. सांगू, नवीन माल आलाय, जुन्याच्या बदल्यात फुकट देतोय. रविवारी जाऊ.

ती : आणि रविवारपर्यंत दादा त्याच पाईपशेजारी बसेल.

नवरा : तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

ती : तुमचे दोन दिवस किती मोठे असतात ते मला कळलंय. फोन द्या.

सासू : दे रे तिला.

नवरा : घे.

ती : हॅलो, दादा… बरी आहे. तू कुठं आहेस? आधी बकेट खाली टेकव आणि मशीन बंद कर, मग बोल… दादा, कर आधी. मी फोन धरते… केलंस? ऐक. माझा पाईप काढ. आत्ता नाही, तेल थंड झाल्यावर. हात लावू नको गरम असताना… नाही, निसटलेला नाही. फुटू शकतो. मी जास्त दाबलाय… हो, माझी चूक. माप माझं, हात माझे… नाही, तो नाही चालला महिनाभर. लावलाच नव्हता… हो. खोटं सांगितलं होतं तुला… आहे इथंच… नाही, त्यांच्याशी नंतर भांड. आधी माझ्याशी भांडून घे… बरं. दे शिव्या… झालं? संध्याकाळपर्यंत दुसरा आणून देते. तोवर काम बंद ठेव. मुकादमाला माझं नाव सांग.

नवरा : काय म्हणाला?

ती : तुम्हाला सांगण्यासारखं नाही. पैलवानाचा नंबर काढा.

नवरा : मी करतो त्याला.

ती : काय सांगाल? नवीन माल आलाय?

नवरा : जे झालं ते सांगेन.

ती : इथं उभं राहून करा. मला ऐकू आलं पाहिजे.

नवरा : हॅलो, पैलवान… गाडी कुठं आहे? उभी कर बाजूला… अरे, उभी कर, सांगतो… वहिनीनं दिलेला पाईप आहे ना, तो चालवू नकोस. मी तुला सांगितलं होतं ना, माझ्यावर चालतोय म्हणून. नव्हता चालत. मी लावला नव्हता… हस. हस बाबा… हो, पोळपाटावरच. आता डब्याला हात लावू नकोस, मी येतो.

ती : बाईंना मी करते. त्यांचा ट्रॅक्टर दुपारी बंदच असतो, पण सांगून ठेवते.

सासू : मला कोणी काही विचारणार आहे का?

ती : तुम्हाला काय विचारायचं, आई? तुम्हाला माझ्या हातावर भरवसा नव्हता. तोंडावर सांगायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं. भांडले असते, पण ऐकलं असतं.

सासू : तो शर्ट बघितलास का नीट?

ती : तेलकट आहे. कामाचा आहे.

सासू : त्याची एक बाही नाही.

ती : फाटली असेल.

सासू : फाटली नाही, कापली. दवाखान्यात. उजवी. बाही कातडीला चिकटली होती, काढता येईना. तुझ्या सासऱ्यांचा हा शेवटचा कामाचा शर्ट. तुझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट, हा शाळेत जात होता. सकाळी चांगले शीळ घालत मशीनवर कामाला गेले होते. त्यांना शीळ फार सुंदर यायची, गल्लीच्या टोकापासून ओळखू यायची. दुपारी मला बोलावणं आलं. पाईप कड्यातून सुटला होता आणि उकळतं तेल सगळं या बाजूनं. पुढं त्या हातानं कपसुद्धा धरवला नाही कधी.

ती : तुम्ही मला म्हणाला होतात, अपघात झाला होता. मला वाटलं, गाडीचा.

सासू : पाईपचा. आणि मोठ्या दुकानातला होता तो, भारी मशीनवर दाबलेला. शिक्का होता त्याच्यावर.

ती : मग दुकानातलाही सुटतोच की. मग माझ्याच पाईपला का भ्यालात?

सासू : दुकानातला सुटला तेव्हा मी दुकानदाराला शिव्या दिल्या. त्याच्या दारात जाऊन दिल्या, रस्त्यावरची माणसं जमेपर्यंत दिल्या. त्या शिव्यांवर जगले मी बरीच वर्षं. रोज सकाळी उठून त्याला एक शिवी द्यायचे, मग चूल पेटवायचे. आता याच्या मशीनवर तुझा पाईप सुटला असता, तर मी कोणाला शिव्या द्यायच्या? तुला? आणि मग संध्याकाळी तुझ्याच हातचं जेवायचं?

ती : हे महिनाभर आधी सांगितलं असतंत तर काटा हलला नसता, आई.

सासू : नाही सांगवलं.

ती : तुम्हा दोघांना काहीच सांगवत नाही. एकाला दया येते, एकाला सर्दी होते. आणि त्याचं फळ दादाच्या कानाशी लटकतंय.

सासू : बोल. बोलून घे.

ती : बोलून संपणार नाही आज. तो पाना घ्या आणि चला बाहेर.

नवरा : आत्ता?

ती : आत्ता. दुकानाचा पाईप काढा आणि हा लावा. हा तक्त्याच्या मापाचा आहे. हा टिकला तर मला कळेल की तक्ता बरोबर होता. मग त्याच मापाला सगळ्यांचे नवीन दाबून देते. नाही टिकला, तर हे मशीन कॉटखाली जाईल आणि आईंचं शिवणाचं खिडकीशी येईल.

सासू : मला नको आता. डोळ्यांना दिसतंय कुठं?

नवरा : पहिल्यांदा दाब देताना तू जवळ उभी राहू नकोस.

ती : मला कळतं. तुम्हीही केबिनचं दार लावून घ्या. काच वर करा. पाईपाला हात लावून कुठं गळतंय ते बघायचं नाही, बारीक छिद्र असेल तर तेल कातडीतून आत जातं. लांबून काठीला पुठ्ठा लावून फिरवायचा. तेल लागलं की पुठ्ठ्यावर दिसतं.

सासू : पुठ्ठा आहे माझ्याकडं. मिक्सरचा खोका. तुम्ही टाकायला निघाला होतात, मीच ठेवला होता.

ती : आणा. आणि आई, तुम्ही पायरीच्या खाली यायचं नाही.

सासू : इथूनच बघते. शर्ट दे माझा इकडं.

नवरा : बुचं तू काढतेस की मी काढू?

ती : तुम्ही काढा. महिनाभरापूर्वी काढायची होती.

नवरा : नट बसला. दोन्हीकडचे बसले. बघून घे एकदा.

ती : बघितलं. आता वर बसा. आधी बकेट रिकामीच उचला, हळू. मग मातीत टेकवून जोर द्या. तेल गरम होईपर्यंत वरखाली करत राहा. मी खूण करीन तेव्हाच थांबायचं.

सासू : केवढा आवाज करतंय. पूर्वी तुझ्या सासऱ्यांचं मशीन असंच यायचं, फाटकाशी आलं की भांडी थरथरायची.

ती : पुठ्ठा कोरडा आहे. अजून जोर द्या… अजून… आता खाली टेकवा. मशीन बंद करा. ऐकू येतंय का?

नवरा : येतंय.

ती : पट्टा कुठं आहे?

नवरा : जागच्या… थांब. इथून दिसत नाही. उतरून बघतो.